कॉम्प्युटरमध्ये बसवायचा गुरू

“...मग कोणतं घेऊ? एवढं तरी सांगा की तात्या!”



घराच्या पुढच्या सोप्यातल्या खाटेवर भिंतीला पाठ लावून तात्या बसले होते. पायांवर घोंगडी, नजर अंगणात. शिवारात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, आणि त्याची काळी कात्रणं वाऱ्यावर तरंगत अंगणात उतरत होती. दोरीवरच्या धोतरावर, पाण्याच्या पिंपावर, दाराशी काढलेल्या तिच्या चपलांवर.

मृदुलानं हातातला कागद पुन्हा उलगडला.

नाव मृदुला चौगुले. नाव ठेवणाऱ्या आत्याचा अंदाज साफ चुकला होता. वय वीस, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि जीभ अशी, की वर्गात प्रश्न विचारताना प्राध्यापकसुद्धा तिचा बाक टाळून पुढं सरकत.

अकराव्या वर्षी ती पहिल्यांदा ह्या सोप्यात आली. रामलिंगतात्या होगाडे तेव्हा नुकते कामावरून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी इचलकरंजीत कापडाचे माग चालवले होते. बुद्धिबळ शिकले तेही मागांच्या खडखडाटातच, एका म्हाताऱ्या जॉबरकडून. माग बिघडला की तो जॉबर दुरुस्त करायचा, आणि बिघडत नसला की कोपऱ्यात पट मांडून बसायचा. तो गेला. त्याचं सगळं तात्यांकडे आलं. तात्यांनी सोप्यात पोरांचा वर्ग काढला.

दिवाळीपासून वर्ग बंद होता.

आज दारातच कलावहिनींनी, तात्यांच्या सुनेनं, मृदुलाला अडवलं होतं.

“डॉक्टर म्हणालेत, फार तर होळीपर्यंत,” त्या हळूच म्हणाल्या होत्या. “छातीत काही राहिलंच नाही म्हणे. तू काही बोलू नकोस हं त्यांच्यापाशी.”

“त्यांना माहीत नाही?”

“त्यांनीच तर खोदून खोदून विचारलं डॉक्टरांना. पण घरात कुणी तो विषय काढत नाही.”

“का?”

“का म्हणजे? बरं दिसतं का?”

मृदुलाच्या मस्तकात तिडीक गेली होती. मोठ्या माणसांची ही जुनी खोड. घर पेटलं तरी एकमेकांना चहाचं विचारत बसायचं.

आणि इथं तिच्यापाशी वेळ नव्हता. राज्य निवड स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती. आजवर जे काही शिकली, ते ह्या एका माणसाकडून. हा माणूस गेला की आपण विचारायचं कुणाला, हा प्रश्न तात्यांनी खाट धरल्यापासून महिनाभर तिच्या छातीवर दगडासारखा बसला होता. तो प्रश्न ह्या घरात काढायला बंदी होती.

म्हणून तिनं दुसरा आणला होता.

मामानं त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणून दिला होता. तिनं बुद्धिबळाची चार सॉफ्टवेअर हेरून ठेवली होती. पण कॉम्प्युटर म्हातारा. एक घातलं तर चालेल, दोन घातली की त्याला धाप लागते. म्हणजे चारांतून एकच निवडायचं. बाबा म्हणाले होते, “तात्यांना विचारून ये. त्यांच्या जागी काय बसवायचं, ते त्यांनीच सांगितलेलं बरं.”

आपण काय बोललो, हे बाबांना बिचाऱ्यांना कळलंही नव्हतं.

“वाच,” तात्या म्हणाले.

“दोनदा वाचून दाखवलं.”

“तिसऱ्यांदा वाच. मला कुठं जायचंय?”

ती वाचू लागली, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

“पहिलं. हे सगळ्यांत ताकदवान. जगातला कुठलाच खेळाडू ह्याला हरवू शकत नाही.”

“म्हणजे हे हरतच नाही?”

“माणसाकडून तर नाहीच.”

“मग खेळतं कशाला?”

“तात्या, ते मशीन आहे. त्याला ‘कशाला’ नसतं.”

“बरं... पुढं.”

“दुसरं शिकवणारं आहे. आपण चाल केली की रंग दाखवतं. हिरवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. चुकलं तर काय खेळायला हवं होतं, तेही तिथंच लिहून येतं.”

“कधी?”

“लगेच. मोहऱ्यावरचं बोट उचलायच्या आत. तुमच्यासारखं नाही.”

हा टोमणा होता, आणि तो कुठून आला हे तात्यांना नीट ठाऊक होतं. वर्गाची एक पद्धत होती. हरलेल्या पोरानं ‘माझं कुठं चुकलं?’ विचारलं, की तात्या म्हणायचे, ‘उद्या.’ बस्स, एवढंच. मग डोळ्यांत पाणी आणा, पाय आपटा, आईला घेऊन या. त्या एका शब्दापायी मृदुला कितीतरी वेळा जेवणाच्या ताटावरून उठली होती. एकदा तर तो ‘उद्या’ आठ दिवसांनी उजाडला होता.

तात्या हसले. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. कलावहिनी आतून तांब्या घेऊन आल्या. दोन घोट पोटात गेले, चार घोंगडीवर सांडले. वहिनींनी घोंगडी झटकली, मृदुलाकडे पाहिलं, ‘चहा टाकू का?’ म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

“तिसरं,” तात्या म्हणाले. आवाज आता आणखी खाली गेला होता.

“राहू दे तात्या. नंतर बघू.”

“तिसरं वाच.”

“तिसऱ्यात जुने डाव आहेत. लाखांनी. दीडशे वर्षांत मोठमोठे खेळाडू जे जे खेळले ते. नाव टाकलं की त्या माणसाचा एकेक डाव समोर येतो.”

“मेलेल्यांचेही?”

“मेलेल्यांचेच जास्त.”

“मी आहे का गं त्यात?”

...

मृदुलानं कागदावरून मान वर केली नाही.

“स्पर्धांमधले डाव असतात ते. नोंद झालेले.”

“हां. मग आम्ही कुठले असायला. आमचा भोंगा वाजला की पट कापडात गुंडाळून मागाखाली सरकवायचा. कोण लिहून ठेवतंय...” त्यांनी घोंगडीचा एक धागा चिमटीत धरला आणि सोडून दिला. “चौथं?”

“चौथं माणसासारखं खेळतं. किती कच्चं खेळायचं ते आपण ठरवायचं. मग ते मधूनच मुद्दाम चूक करतं.”

“मुद्दाम?”

“आपल्याला बरं वाटावं म्हणून.”

“अरे वा. मी तर जन्मभर मनापासून चुकत आलो. मला कुणी कॉम्प्युटरमध्ये घेईना.”

तिला हसू आलं होतं. तिनं ते गिळलं.

“झाली तुमची थट्टा? आता सांगा. कोणतं?”

“मांड.”

“काय मांडू?”

“पट मांड. जिंकलीस तर सांगतो.”

“तात्या, एका शब्दाचं उत्तर आहे! तुम्हाला धड बसवत नाही आणि...”

“बसलोय की.”

“मला नाही खेळायचं.”

“नऊ वर्षांत ह्या सोप्यात मला कितीदा हरवलंस?”

त्यांना ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. बाहेर तिनं जिल्ह्याचा जिल्हा लोळवला होता. ह्या सोप्यात एकदाही नाही.

“मग भीती वाटते म्हण,” तात्या म्हणाले.

एवढं पुरलं. मृदुला उठली. कोनाड्यातला पट तिनं उतरवला, खाटेवर दोघांच्या मधे आपटल्यासारखा ठेवला आणि मोहरी मांडायला लागली. लाकडी मोहरी, हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. काळ्या घोड्याचा एक कान कुणाच्या तरी रागात कधीच तुटला होता. तो राग तिचाच होता, बाराव्या वर्षीचा.

“जुन्या पद्धतीनं,” तात्या म्हणाले.

जुनी पद्धत म्हणजे त्या म्हाताऱ्या जॉबरची. स्पर्धांमध्ये ती आता कुठंच चालत नाही. पण वर्गात दर दसऱ्याला सगळ्या पोरांना एकेक डाव तसा खेळावा लागे. मृदुला दरवर्षी कुरकुरत खेळायची. जे कुठं चालत नाही ते शिकायचं कशाला, हे तिला कधी पटलं नव्हतं.

“नियम सांगू?”

“माहितीयेत मला. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही.”

“आणि...”

“माहितीयेत म्हटलं ना तात्या!”

तात्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

पहिल्या दहा चाली तिनं श्वास रोखून केल्या. हा माणूस कसा खेळतो, हे तिला पाठ होतं. साधी, भोळी दिसणारी चाल करायची आणि अंगणाकडे बघत बसायचं. समोरचा पुढं सरसावला की मागचं दार बंद. प्रत्येक चालीला ती आधी सापळा शोधत होती.

अकराव्या चालीला तात्यांनी घोडा उघड्यावर टाकला.

ती बराच वेळ त्या घोड्याकडे बघत राहिली. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. काय असेल? ह्याच्या मागं काय असेल?

मागं काही नव्हतं.

तिनं घोडा घेतला. तात्यांनी पापण्या मिचकावल्या, जणू तो घोडा तिथं होता हेच त्यांना आत्ता कळलं.

मग उंट गेला. मग एक हत्ती. तात्यांचा हात पटावर यायचा, मधेच हवेत थांबायचा, मग बोटांनी मोहऱ्याचं डोकं चाचपायचा.

“हा उंट ना गं?”

“हत्ती आहे.”

“हां... हत्ती.”



“मुद्दाम करताय का तुम्ही?”

“काय?”

“त्या चौथ्या सॉफ्टवेअरसारखं. मला बरं वाटावं म्हणून.”

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी पसरलं होतं. तिनं ते आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं.

“तसं असतं,” ते म्हणाले, “तर किती बरं झालं असतं, पोरी.”

...

तिला राग आला. कुणाचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. ह्या माणसाला एकदा तरी हरवायचं म्हणून ती नऊ वर्षं वाढली होती, आणि आज हरवायची वेळ आली तर समोर तो माणूसच नव्हता. त्याच्या जागी कुणीतरी दमलेलं बसलं होतं, आणि ते कुणीतरी तिला सगळं फुकट देत होतं.

मग ती घेतच सुटली.

वजीर घेतला. दुसरा हत्ती घेतला. प्यादी एकामागून एक. घेतलेली मोहरी ती आपल्या बाजूला ओळीनं उभी करत होती, आणि ओळ लांबत होती. एका वेळी तिला तीन चालींत मात दिसली. तिनं ती केली नाही. मैत्रिणीच्या घरी तिनं पहिल्या नंबरचं सॉफ्टवेअर खेळताना बघितलं होतं. त्याला घाई नसते. ते आधी पट साफ करतं, दगाफटका व्हायला काही शिल्लकच ठेवत नाही, मग सावकाश मात देतं. तिला तो खेळ फार आवडला होता. त्यात कुठं दया नव्हती आणि कुठं चूकही नव्हती.

शेवटी तात्यांच्या राजाखेरीज एकच प्यादं उरलं. पटाच्या कडेला, एकटं.

तात्यांचं बोट त्या प्याद्यावर येऊन थांबलं.

“हे राहू दे की.”

“का म्हणून?”

“राहू दे. म्हणून बघितलं.”

“खेळात काय राहू दे?” ती म्हणाली, आणि तिनं ते उचललं.

ओळीत शेवटी ठेवलं. हात झटकले.

“आता दोन चालींत मात. सांगा कोणतं ते.”

तात्यांनी आपला तळवा पटावर आडवा ठेवला.

“बुर्जी.”

“काय?”

“बुर्जी झाली. डाव संपला. तुझा नाही, माझाही नाही.”

तिला आठवायला दोन क्षण लागले. मग कानशिलं तापली.

जुन्या पद्धतीत हा नियम होता. समोरच्याकडे राजाखेरीज एक तरी मोहरं असेल तोवरच त्याला मात देता येते. सगळंच काढून घेतलंत, नुसता राजा ठेवलात, की ती बुर्जी. डाव बरोबरीत. म्हणून जुने खेळाडू जिंकत आले की समोरच्याचं शेवटचं प्यादं स्वतःच्या प्याद्यासारखं सांभाळायचे. दसऱ्याच्या डावात लहान पोरंसुद्धा हे विसरत नसत. आणि आज, ज्या डावावर तिचं उत्तर अडकलं होतं त्या डावात, ती विसरली होती.

“हा काय नियम झाला?” ती उसळली. “जगात कुठं चालतो हा आता?”

“कुठंच नाही.”

“तुमच्याकडे काहीही उरलं नव्हतं!”

“नव्हतंच.”

“मग मी जिंकले!”

“कशी? हरायलासुद्धा माणसाकडे काहीतरी लागतं गं. ते मी आता कुठून आणू?”

...

काजळीचं एक कात्रण आत येऊन पटावर पडलं, बरोबर मधल्या चार घरांतल्या एकावर. मृदुलानं ते बोटानं उडवायला बघितलं. ते उडालं नाही, फिसकटलं. पांढऱ्या घरावर काळा ओरखडा उमटला. ती तो पुसत राहिली आणि तो पसरत राहिला.

“अर्धा डाव तुझा,” तात्या म्हणाले. “म्हणून अर्धं उत्तर देतो. कोणतंही घे.”

“कोणतंही?”

“कोणतंही.”

तिथं मृदुलाचा बांध फुटला.

“हे उत्तर झालं? तुम्ही सगळे असेच. सरळ म्हणून काही सांगायचं नाही. विचारावं एक, तर हसून दुसरंच काहीतरी बोलायचं आणि आम्ही त्यात अर्थ शोधत बसायचा! नऊ वर्षं तुम्ही मला ‘उद्या’ ऐकवलंत. त्या मशीनला अर्धा सेकंद लागतो तात्या, अर्धा सेकंद! आणि तुम्ही मला आठ आठ दिवस ताटकळत ठेवलंत. तेरा वर्षांची होते मी. रोज शाळेतून धावत यायचे, की आज सांगतील. काय शिकवत होतात? संयम? पोरीला रडवल्याशिवाय विद्या द्यायची नाही, हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. कलावहिनी दारात आल्या, दोघांकडे बघितलं, आणि तशाच मागं सरकल्या.

तात्या पटाकडे बघत होते.

“मला माहीत नसायचं,” ते म्हणाले.

“काय माहीत नसायचं?”

“तुझं कुठं चुकलं ते.”

...

“मला त्या दिवशी माहीतच नसायचं गं. म्हणून उद्या.”

मृदुलानं पटावरून हात मागं घेतला.

“तू गेलीस की मी पुन्हा तोच डाव मांडायचो. कधी जेवणाआधी सापडायचं, कधी दोन दिवसांनी. त्या आठ दिवसांच्या वेळी तर कोल्हापूरला जाऊन एका जाणत्याला विचारून आलो. त्यालाही नाही आलं. येताना एस्टीत हातकणंगल्याच्या फाटकाशी गाडी थांबली, आणि तिथं सुचलं. एवढ्या मोठ्यानं ‘उंट!’ म्हणालो, की शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.”

ते थोडे हसले. ती हसली नाही.

“मग सांगितलं का नाहीत तसं?”

“लाज वाटायची. मास्तर म्हणायचात तुम्ही पोरं. जेमतेम सातवी शिकलेल्या मागवाल्याला कोण मास्तर म्हणतंय...”

ह्याच ‘उद्या’ची मृदुलानं केवढी कौतुकं केली होती. कॉलेजातल्या नव्या पोरींना शिकवताना तिनं स्वतः तो वापरला होता, ऐटीत, तात्यांसारखी नजर दुसरीकडे लावून. तिला तेव्हा उत्तर येत होतं, तरी वापरला होता. एका पोरीनं त्यानंतर यायचं बंद केलं. मृदुला मैत्रिणींना म्हणाली होती, टिकणारे टिकतात.

तिनं ज्याला शिस्त समजून उचललं, ती एका माणसाची लाज होती.

“म्हणजे तुम्हाला काही येतच नव्हतं,” ती म्हणाली. जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलं होतं.

“फारसं नाही.”

“आणि ह्या चौघांना सगळं येतं.”

“येतंच की. चांगले आहेत चौघे.”

“तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“वाटतं,” तात्या म्हणाले.

इतकं सरळ उत्तर त्यांनी नऊ वर्षांत दिलं नव्हतं. ते ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं.

अंगणात उजेड मळकट होत चालला होता. दोरीवरचं धोतर आता ठिपक्याठिपक्यांचं दिसत होतं. कुणी ते आत आणत नव्हतं. मृदुलानं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. जावं असं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते. स्पर्धेच्या हॉलमध्ये हरून बाहेर आल्यावर आपण कुणाच्या दाराशी जाऊ, हे ती मनात बघत होती. तिथं नुसतं टेबल होतं, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरवर लाल झालेलं एक घर.

“तात्या...”

“हं.”

“तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?”

...

आत काहीतरी खाली पडलं आणि घरंगळत गेलं. कुणी ते उचललं नाही.

त्या घरात हे वाक्य आज पहिल्यांदा बोललं गेलं होतं. मृदुलाला वाटलं, आता वहिनी येतील, आपल्याला बाहेर काढतील. कुणी आलं नाही. तात्यांच्या चेहऱ्यावरून मात्र कसला तरी ताण उतरला. कित्येक दिवस कुणाच्या तरी येण्याची वाट बघून थकलेल्या माणसासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.

“आण तो कागद,” ते म्हणाले.

तिनं दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. अक्षरं काही लागली नाहीत. मग त्यांनी कागद तसाच घोंगडीवर ठेवला. पटावरचा आपला एकटा राजा उचलला आणि मुठीत धरला. मूठ नीट मिटेना. दुसऱ्या हातानं त्यांनी बोटं एकेक करून मिटवली.

“पहिलं घे.”

“ते कधीच न हरणारं?”

“तेच. खेळत राहा त्याच्याशी. त्याला कळत नाही अशी एखादी जागा सापडेपर्यंत खेळत राहा.”

“अशी जागाच नाही तात्या.” ती म्हणाली. “त्याला सगळं कळतं.”

तात्यांनी डोळे मिटले. श्वास आत गेला, बराच वेळ कुठंतरी अडला, आणि मग बाहेर आला.

“आहे की... मी तिथंच चाललोय.”